उदोनच्या यंत्रामागे

"दार लाव. वाफ जाते."

लेक कितीतरी महिन्यांनी आली होती, आणि मुत्सुएचं पहिलं वाक्य हे. चिहारुने दार लावलं. लावल्यावर दोघींना धड उभं राहायला जागा उरली नाही, कारण ती खोली नव्हतीच. ओळीने उभ्या केलेल्या, आता एक सोडून सगळ्या बंद पडलेल्या यंत्रांच्या पाठी आणि मागची पत्र्याची भिंत यांच्यामधला बोळ होता तो. एका माणसाने सरळ चालावं आणि दुसऱ्याने समोरून येऊच नये, एवढाच. तिथेच शेगडी, तिथेच साराचं पातेलं, तिथेच स्टूल आणि खिळ्याला अडकवलेला रेडिओ. मुत्सुएचं अवघं आयुष्य या बोळात गेलं होतं. त्याची तिला खंत होती की अभिमान, हे तिने कधी तोंडाने सांगितलं नव्हतं.

"बोलायला आलीस की कामाला?"

"बोलायला."

"मग हातही चालव. नुसतं बोलणारं माणूस मूर्ख दिसतं."

चिहारुने बाह्या सारल्या. प्लॅस्टिकच्या वाडग्यात उकडलेल्या उदोनची, त्या जाड शेवयांची, गुंडाळी ठेवली, तिच्यावर कांदा-गाजराची चपटी भजी ठेवली आणि वाडगा यंत्राच्या फळीवर सरकवायला हात पुढे केला. मुत्सुएने तो वरच्यावर काढून घेतला.

"चाळिशी उलटली तरी कळत नाही. भजी खाली असते, उदोनच्या खाली. पाणी निथळायला वाडगा आत गरगर फिरतो, वर ठेवलीस तर उडून नळीत जाऊन बसते. मग ती उपसायला कोण, तुझा बाप येणार निइगाताहून?"

"वर असली तर बरी दिसते."

"दिसायला काय करायचंय? खाणारा शोधून खाईल."

 बापाचं नाव निघालं की गप्प राहायचं, हे ती फार लवकर शिकली होती. बापानेच हे ड्राइव्ह-इन, रस्त्याकडेची ही यंत्रांची खानावळ, थाटलं होतं. घाटातून रात्रंदिवस ट्रक जायचे त्या काळात, कर्ज काढून, वाटसरूला माणसाचं तोंड न बघता गरम खायला मिळावं म्हणून. नाणं टाका, बटण दाबा, आत पाणी पडेल, वाडगा फिरेल, सार ओतलं जाईल, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत वाफाळतं उदोन झडपेपाशी हजर. मग एका वर्षी तो एका बाईबरोबर निघून गेला, आणि पुढे डोंगरातून बोगदा झाल्यावर ट्रकही गेले. मुत्सुए तेवढी राहिली. आणि यंत्र.

"आई, मी भंगारवाल्याशी बोलले आहे."

"कशाबद्दल?"

"मागच्या अंगणाबद्दल."

मागच्या अंगणात मेलेली यंत्रं उभी होती. घाटातली एकेक खानावळ बंद पडत गेली, तशी मुत्सुए तिथलं यंत्र ट्रकवर घालून घेऊन आली होती. कुणाची मोटर काढून घे, कुणाची नळी, कुणाचं रबर. कधीकाळी त्यांच्या काचांवर लालभडक रंगात वाफाळते वाडगे रंगवलेले होते. उन्हाने त्यातला लाल तेवढा खाल्ला होता, आणि आता सगळ्या वाडग्यांत निळं, गार दिसणारं काहीतरी भरलेलं असे. एकाच्या नाणं टाकायच्या फटीतून कुडझूची वेल आत शिरून झडपेतून बाहेर आली होती. गाव त्यांना बघून नाक मुरडायचं, आणि शहरातून येणारे हौशी लोक त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. चिहारुला दोघांचाही राग यायचा.

"त्या मेलेल्यांच्या जिवावर हे एक जिवंत आहे," मुत्सुए म्हणाली. "त्यांना हात लावायचा नाही."

"मग हेही बंद कर. बर्फ पडायच्या आत माझ्याकडे ताकासाकीला ये."

"तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या खिडकीत बसून लोकांच्या खिडक्या बघू?"

"इथे काय बघतेस? पत्रा?"

"पत्रा उलटून बोलत नाही." मुत्सुएने भजी ठेवली, वर उदोन ठेवलं, वाडगा सरकवला. "मी गेले की काय भंगारात घालायचं ते घाल. मलाही त्यातच घाल."

"आई!"

मुत्सुएने ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे कुणीतरी नाणं टाकलं होतं. यंत्र गुरगुरलं, पाणी पडलं, वाडगा फिरला. गिऱ्हाईक समोर असताना मागे आवाज करायचा नाही, हा तिचा नियम होता, आणि भांडणसुद्धा त्याला अपवाद नव्हतं. दोघी मायलेकी वाफेत, एकमेकींकडे न बघता, अनोळखी माणसाचं भुरकणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. ते संपलं तोवर चिहारुची बोलायची इच्छाही संपली होती. तिने हात पुसले आणि निघाली. खाऊन जा, असं मुत्सुए म्हणाली नाही. दार तेवढं नीट लाव म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुत्सुए त्याच बोळात, स्टूल आणि शेगडीच्या मध्ये पडलेली सापडली. पहाटे उठून तिने यंत्र भरलं होतं आणि भरून झाल्यावर कधीतरी तिचं हृदय थांबलं होतं. पहाटे की सकाळी, डॉक्टर नक्की सांगू शकले नाहीत. यंत्राचं काही अडलं नव्हतं. ते दिवसभर वाडगे देत राहिलं, लोक दिवसभर खाऊन गेले, आणि खाणाऱ्यांपासून हातभर अंतरावर ती पडून होती. वाडगे संपले तेव्हा 'माल संपला' असा लाल दिवा लागला. दिवेलागणीला ओगुरा नावाचा जुना ट्रकवाला आला. त्याने दिवा बघितला, दोन शिव्या हासडल्या आणि मागच्या बाजूला जाऊन दार ढकललं.

अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. त्यात ओगुरा होता, काळा टाय गळ्यात रुतत असल्यासारखा.

एक-दोन आठवड्यांनी इसोगाईचा फोन आला. त्याचं नाव चिहारुने ऐकलं होतं. जुन्या यंत्रांच्या वेड्या लोकांचा तो पुढारी, जुन्या यंत्रांचं एक दालन चालवणारा, दर महिन्याला घाटात येणारा.

"चिहारुताई, मावशींचं यंत्र भंगारात जाऊ देऊ नका. आम्ही नेतो. पदरमोड आमची, मेहनत आमची. तुम्ही फक्त हो म्हणा."

चिहारु त्या दिवसांत सगळ्याच गोष्टींना हो म्हणत होती. याही गोष्टीला म्हणाली. भंगारवाला नेणार तर यांनी न्यावं, तिला काय. डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे झालं.

ठरल्या दिवशी ती घाटात पोचली तेव्हा ड्राइव्ह-इनसमोर मोटारींची रांग लागलेली होती. इतक्या मोटारी तिथे बोगदा झाल्यापासून कुणी पाहिल्या नसतील. एकच ट्रक येईल या समजुतीने ती आली होती. आत यंत्रासमोर पांढरं कापड अंथरलेलं होतं, त्यावर संत्री, साकेची बाटली, शेवंतीची फुलं. उदबत्त्यांचा धूर यंत्राच्या काचेवर चढत होता. मठातले भिक्खू पाटावर बसून सूत्र म्हणत होते आणि लोक एकेक करून पुढे येऊन यंत्राला कंबरेत वाकून नमस्कार करत होते. एक बाई तर डोळे पुसत होती.

चिहारुला क्षणभर वाटलं, आईसाठी आहे. मग तिने फलक वाचला. ते यंत्राचं श्राद्ध होतं.

मोडक्या सुयांना, जुन्या बाहुल्यांना मठात नेऊन मंत्र म्हणून निरोप द्यायची रीत सगळ्यांचीच. चिहारुनेही लहानपणी आपली एका हाताची बाहुली तशी दिली होती. रीतीत वावगं काही नव्हतं. पण आईच्या सुतकाचे एकोणपन्नास दिवस अजून पुरे व्हायचे होते, तिच्या अस्थी अजून चिहारुच्या घरातच होत्या, आणि तिला निरोप द्यायला नऊ माणसं आली होती. इथे उभं राहायला जागा नव्हती.

"आलात!" इसोगाई गर्दीतून वाट काढत आला. जाड चष्मा, नवा कोरा काळा कोट. "तुम्हाला आधी सांगणार होतो, पण म्हटलं, अचानक बघून बरं वाटेल. हे बघा, दालनात यंत्राच्या बाजूला हे लावणार आहोत."

त्याने एक पाटी पुढे केली. वर मोठ्या अक्षरात 'मुत्सुए मावशीचं प्रेमाचं उदोन', आणि खाली एका म्हातारीचं चित्र. गोबरे गाल, अंबाडा, मिटलेल्या डोळ्यांचं हसू, हातात वाडगा.

"ही कोण?" चिहारुने विचारलं.

"कोण म्हणजे? मावशी!"

"माझी आई अशी दिसत नव्हती."

"नाही, म्हणजे... आमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलं नव्हतं ना. कल्पनेनं काढलंय. ज्या हाताला इतकी चव, ते माणूस असंच असणार."

चिहारुला आईचा चेहरा आठवला. लांबोडा, गाल बसलेला, वाफेने एक भुवई कायमची विरळ झालेली. हसताना ती दात झाकायची, आणि हसायचीही कमीच. चिहारुने पाटी हातात घेतली आणि नारिंगी बाकावर पालथी ठेवली.

त्याच बाकावर तिचं लहानपण गेलं होतं. शाळेतून आली की तिने समोरून यायचं, मागून नाही. मागे शेगडी, उकळतं पाणी, पोर पायात आलं तर भाजेल. संध्याकाळ झाली की यंत्रातून तिच्या वाट्याचा वाडगा यायचा आणि ट्रकवाल्यांच्या रांगेत बसून ती तो खायची. पत्र्यापलीकडून शेगडीचा, रेडिओचा, कधी खोकल्याचा आवाज यायचा. "समोर बसलीस की तूही गिऱ्हाईक," आईने बजावलं होतं. "हाका मारायच्या नाहीत." शाळेत मुलं म्हणायची, "चिहारुची आई डब्यात राहते." एकदा तिने त्यातल्या एकाचा कान चावला होता. घरी आल्यावर आईने कारण विचारलं नाही. त्या दिवशी वाडग्यात भजी नव्हती, एवढंच. तिने हाक मारली नाही; नंतर मारायची सवयच राहिली नाही, आणि मोठेपणी दोघी बोलायच्या त्या फक्त भांडायला.

"पोरी." ओगुरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तो नमस्कार करायला पुढे गेला नव्हता. "हे नाटक तुझ्या परवानगीनं?"

"नाही."

"वाटलंच. आणि पुढारी कोण, तर तो चष्मेवाला. लाज नाही."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखतो कसला! त्या दिवशी मी आलो तर हा इथून बाहेर पडत होता. मला म्हणाला, परत फिरा, काका, माल संपलाय, म्हातारी झोपा काढतेय बहुतेक. वर यंत्राला एक चापट मारून दाखवली." ओगुराने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला ठाऊक नव्हतं होय?"

 चिहारु सरळ पांढऱ्या कापडापर्यंत गेली. चपलेचा कोपरा कापडावर पडला, संत्रं घरंगळलं.

"इसोगाई, त्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

सूत्र चालूच होतं. इसोगाईने आधी भिक्खूंकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"हो," तो म्हणाला. "होतो." आणि मग, जणू ही गोष्ट सांगायची संधी तो शोधतच होता, "शेवटचा वाडगा माझा होता. माझ्यानंतर दिवा लागला. तो वाडगा मी धुऊन घरी जपून ठेवलाय, ताई. मावशींच्या हातचा शेवटचा."

"दिवा लागलेला पाहिलात. मग मागे का नाही गेलात?"

"मागे?"

"मागे दार आहे. त्याला कधी कुलूप नसतं."

"आम्ही मागे जात नाही." त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी मानही हलवली. "आमच्यात तो दंडकच आहे. पुढून बघायचं, पुढून खायचं. मागे डोकावलं की सगळी मजा जाते. नाणं टाकलं आणि कुठूनसं गरम काहीतरी आलं, यातच तर..."

"मागे माझी आई पडली होती."

भिक्खू थांबले. थांबण्यापूर्वी त्यांनी तोंडातली ओळ मात्र पुरी केली, कारण सूत्र अर्ध्यावर सोडायचं नसतं. मग फक्त यंत्राची घरघर उरली. सार नाही, वाडगे नाहीत, तरी कुणीतरी ते चालू करून ठेवलं होतं, दिवे फोटोत चांगले येतात म्हणून.

"मला काय माहीत असणार," इसोगाई म्हणाला.  "ताई, मी पंधरा वर्षं येतोय. माझ्यावर असा आळ घेऊ नका. तुम्ही वर्षातून किती वेळा यायचात? आम्ही दर महिन्याला यायचो. तुम्ही तर हे भंगारात घालणार होतात!"

गर्दीतून कुणीतरी 'बरोबर आहे' असं पुटपुटलं. ज्या बाईचे डोळे ओले होते तिने चिहारुकडे असं पाहिलं, जसं देवळात चप्पल घालून आलेल्या माणसाकडे बघतात.

"घालणारच होते," चिहारु म्हणाली. "आजही घालू शकते. पण तुम्हाला हवंय ना? न्या. आत्ता न्या. पाटी न्यायची नाही. तिचं नाव लावायचं नाही, आणि तो चेहरा तर नाहीच. कुणी विचारलं तर सांगा, टपरीतलं यंत्र आहे, कोण भरायचं ते आम्ही कधी पाहिलं नाही."

"हे जरा..."

"खोटं आहे का?"

इसोगाईने बाकावरच्या पालथ्या पाटीकडे पाहिलं.

"हे फरशीला बोल्टांनी जखडलेलं आहे," ती म्हणाली, "आणि बोल्ट मागूनच निघतात. जा."

"मी माणसं आणली आहेत. ती करतील."

"तुम्ही जा."

तो उभाच राहिला. ओगुराने खिशातून पाना काढून त्याच्यापुढे धरला. "घे, भाऊ. झोपा काढणारं कुणी नाही आता तिथे."

इसोगाईने नवा कोट काढून बाकावर, पालथ्या पाटीवर ठेवला आणि बाहेर जाऊन वळसा घातला. मागचं दार करकरलं. यंत्राचे दिवे विझले, घरघर थांबली. मग पलीकडून खुडबुड ऐकू यायला लागली. कोपर पत्र्यावर आपटलं, काहीतरी खाली पडलं, पाना सटकला, पुन्हा बसला. पुढे उभी असलेली सगळी माणसं ते ऐकत होती. मान खाली घालून, नाक ओढत, कुणी खोकल्याचा बहाणा करत. पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. अगदी श्वाससुद्धा.

तो परत आला तेव्हा शर्टाच्या पाठीवर काळ्या मळाचा पट्टा उमटला होता.

"तिथे वळायलासुद्धा जागा नाही," तो म्हणाला.

"नाही," चिहारु म्हणाली.

 इसोगाईच्या माणसांनी कापड गुंडाळलं, पट्टे आवळले आणि 'हां, एक, दोन' करत यंत्र ओढलं. इतक्या वर्षांचं बसलेलं ते हलेना. मग एकदम सुटलं, पायाखालच्या फरशीचे तुकडे घेऊन. सरकत, कुरकुरत ते उजेडात गेलं आणि लोकही त्याच्या मागोमाग समोरच्या अंगणात गेले. उन्हात ते आणखीच जुनाट दिसत होतं. काचेवरच्या वाडग्यातला लाल यालाही सोडून गेला होता. लोक फोटो काढत होते, पण हळू आवाजात. भिक्खूंनी उदबत्त्या विझवल्या, संत्री पिशवीत भरली आणि चिहारुकडे वळून तिला एक नमस्कार केला. 

चिहारु बाकावर बसली. इसोगाईचा कोट तिने खाली सारला.

यंत्र होतं तिथे आता एक चौकोनी भगदाड होतं, आणि त्यातून बोळ दिसत होता. या बाकावरून तो तिने कधीच पाहिला नव्हता. तिच्या समोर नेहमी दिवे असायचे आणि रंगवलेली वाफ. आता शेगडी दिसली, आतून करपलेलं पातेलं दिसलं, खिळ्याला लटकणारा रेडिओ. स्टूल आडवं झालेलं. इसोगाईने पाडलं असेल, किंवा तेव्हापासूनच तसं असेल. मागच्या पत्र्यावर, मध्यम उंचीच्या माणसाच्या खांद्याच्या रेषेत, घासून घासून एक उजळ पट्टा पडला होता. बाकी काही नव्हतं. लेकीचा फोटो नव्हता, तिच्यासाठी ठेवलेलं काही नव्हतं. तिने पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. नव्हतं.

बाकापासून त्या स्टुलापर्यंत हात लांबवला असता तर पोचला असता.

ओगुरा दारात उभा होता. "पोरी, निघतेस ना? थंडी पडेल आता."

ती उठली नाही. अंगणात ट्रकचं इंजिन सुरू झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मग आपणच चपापून थांबले. त्या शांततेत तिने भगदाडाकडे बघून, हाक मारतात त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"आई, पुरे झालं आता. ये बाहेर. इथे माझ्याजवळ बसून जेव."